स्वयंसेवी रुग्णविमानसेवा

स्वयंसेवी रुग्णविमानसेवा म्हणजे खासगी परवानाधारक वैमानिकांनी, मोबदला न घेता, लहान विमानांतून दुर्गम भागातील रुग्णांना शहरातील उपचारांसाठी नेण्या-आणण्याची व्यवस्था होय. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा विस्तीर्ण देशांत ती वाढली. भारतात ती रुजलेली नाही. राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्याच्या संदर्भात तिचा विचार करताना उपयुक्ततेइतकाच उड्डाणसुरक्षेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्वरूप

हवाई रुग्णवाहिका आणि ही सेवा यांत पुष्कळदा गल्लत होते. हवाई रुग्णवाहिकेत वैद्यकीय पथक व प्राणवायूची सोय असते आणि वैमानिक व्यावसायिक असतो. स्वयंसेवी विमानात यांपैकी काहीच नसते. त्यामुळे स्वतः चालत विमानात बसू शकणारे, प्रकृती स्थिर असलेले रुग्णच त्यातून नेले जातात. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध 'फ्लाइंग डॉक्टर' सेवा जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्लोनकरी येथून सुरू झाली. तिचे वैमानिक मात्र वेतनावर काम करतात. त्याच देशातील 'एंजल फ्लाइट' ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था खऱ्या अर्थाने स्वयंसेवी आहे.

अपघात आणि नियम

१५ ऑगस्ट २०११ रोजी व्हिक्टोरिया राज्यात आणि २८ जून २०१७ रोजी माउंट गॅम्बियर येथे एंजल फ्लाइटसाठी चाललेली दोन विमाने कोसळली. प्रत्येकी तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी यंत्र नव्हे, हवामान घातक ठरले. पहिल्या अपघातात मावळता उजेड व खालचे ढग होते, तर दुसऱ्यात उड्डाण होताच विमान खालच्या ढगांत सापडले. क्षितिज दिसेनासे झाले की अंतर्कर्णाकडून मिळणारी संवेदना फसवी ठरते. वळणारे विमान सरळ चालल्यासारखे वाटते. उपकरणे वाचून उडण्याचा सराव नसलेल्या वैमानिकाला यातून सावरायला फार थोडा अवधी मिळतो.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात नोंदवले, की या उड्डाणांतील प्राणघातक अपघातांचे प्रमाण इतर खासगी उड्डाणांच्या सातपटींहून अधिक होते. मोजक्या अपघातांवरून काढलेला हा निष्कर्ष संस्थेला मान्य नव्हता. आकडा बाजूला ठेवला, तरी कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. डॉक्टरांची वेळ ठरलेली असते, रुग्ण धावपट्टीपाशी येऊन थांबलेला असतो. अशा वेळी 'आज नको' म्हणणे सहृदय माणसाला जड जाते. नेमका चांगुलपणाच येथे जोखीम वाढवतो. २०१९ मध्येच लागू झालेल्या नियमांनी वैमानिकाचा किमान अनुभव व विमानाची देखभाल यांच्या अटी कडक केल्या, तसेच रात्री केवळ नजरेच्या भरवशावर अशी उड्डाणे करण्यास मनाई केली. शक्य तेथे रुग्णाला नियमित प्रवासी विमानाचे तिकीट काढून द्यावे, असेही मंडळाने सुचवले. आपत्कालीन हेलिकॉप्टर सेवांत अनेक ठिकाणी उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची माहितीच दिली जात नाही. ती प्रथाही याच जाणिवेतून आली आहे.

व्यावसायिक सेवाही या धोक्यापासून मुक्त नाही. पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारे विमान २५ मे २०११ च्या रात्री फरिदाबादेत कोसळले. त्यात जमिनीवरील तिघांसह दहा जण मृत्युमुखी पडले.

भारत व राधानगरी

भारतात खासगी वैमानिक परवानाधारकाला उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही. शुल्क आकारणाऱ्या हवाई रुग्णवाहिकेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो.

राधानगरी कोल्हापूरपासून रस्त्याने सुमारे ५० किमी अंतरावर आहे. सर्वांत जवळचा विमानतळ कोल्हापूर शहरापलीकडे उजळाईवाडी येथे आहे. म्हणजे विमानापर्यंत पोहोचायचे, तरी रुग्णाला कोल्हापूर गाठावेच लागते, आणि जिल्ह्याचे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय तेथेच आहे. विमानाचा लाभ त्यापुढे, पुण्या-मुंबईच्या उपचारांपुरता उरतो. दाजीपूरच्या जंगलपट्ट्यातील वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर विमानाने कमी होत नाही. त्यातच जून ते सप्टेंबर सह्याद्रीचे माथे ढगांत असतात. वाट बंद होण्याचा आणि उड्डाण टाळण्याचा काळ एकच येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता. त्या वेळी लष्करी दलांची हेलिकॉप्टरे बचावकार्यात उतरली होती. एरवी तालुक्यातील तातडीची रुग्णवाहतूक २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेद्वारे रस्त्यानेच होते.