वाडा, कंपनी आणि अकादमी : गोव्यातल्या फुटबॉलमध्ये निवड कशी होत गेली



या ग्रुपवर देवळं, नाटकं, वाचनालयं यांच्या आठवणी भरपूर येतात. गोव्यातल्या मराठी घरांचं फुटबॉलशी असलेलं नातं मात्र कुणी फारसं लिहीत नाही. हा फक्त सासष्टीतल्या ख्रिश्चन मंडळींचा खेळ, असं बाहेरचे समजतात आणि आपल्यातलेही काहीजण समजतात. म्हणून हे लिहायला घेतलं. जन्म बँकेत गेला, त्यामुळे मध्येच जमाखर्च येईल, सांभाळून घ्या.

1883 मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीच्या शाळेत हा खेळ आणला असं मानतात. तो चर्चपुढच्या मैदानांवर वाढला हे खरंच. पण तिथून देवळापुढच्या पटांगणात आणि कापणी झालेल्या शेतात यायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही. 1959 साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच, इथली फुटबॉल संघटना स्थापन झाली. मुक्तीनंतर तीच गोवा फुटबॉल असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली.

आमच्या लहानपणी डिचोलीकडे निवड समिती वगैरे काही नव्हतं. वाडा हाच संघ. दहा वर्षांचा पोरगा सोळा वर्षांच्या मुलांत खेळायचा, अनवाणी. अंगाने लहान असला तर चपळाईने निभावून न्यायचा. कोण चांगला खेळतो हे सगळ्या गावाला ठाऊक, कारण सगळा गाव बांधावर बसलेला. आज नाही जमलं तर उद्या मैदान तिथंच होतं. ‘तू पुरे, आता घरी जा’ असं सांगणारं कुणी नव्हतं.

पुढे आला कंपन्यांचा काळ. साळगावकर, धेंपो ही खाण-व्यवसायातली घराणी फुटबॉलमध्ये उतरली. मुरगाव पोर्ट ट्रस्टचाही संघ होता. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, पण ज्या धेंपो घराण्याचा फुटबॉल संघ, त्याच घराण्याचं मराठी दैनिक ‘नवप्रभा’. म्हणजे सकाळी पेपर त्यांचा आणि संध्याकाळी मॅचही त्यांची!

या काळातली निवड म्हणजे नोकरी. कंपनीचा माणूस गावातली स्पर्धा बघायला यायचा आणि आवडलेल्या पोराला बोलावून घ्यायचा. बँकांमध्येही हेच होतं. इंडियन बँक आणि स्टेट बँक ऑफ त्रावणकोर यांचे संघ तर राष्ट्रीय लीगपर्यंत पोचले. खेळाडू कोट्यातून लागलेले कारकून दुपारनंतर प्रॅक्टिसला जायचे, आम्ही त्यांचं लेजर जुळवायचो आणि मॅच जिंकली की आमचीच कॉलर ताठ.

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा सांगतो. एसएससी नापास, वडील नाहीत, पाठच्या दोन बहिणी. सोळाव्या वर्षापर्यंत काडीसारखा होता, मग एकदम उंच झाला. विसाव्या वर्षी एका कंपनीने उचलला. पहिल्या संघात तो दोनच हंगाम टिकला, पण नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली. बहिणींची लग्नं, घरावरची कौलं, आईचं औषधपाणी, सगळं त्या दोन हंगामांवर उभं राहिलं.

आणि ब्रह्मानंद शंखवाळकर कुणाला माहीत नाहीत! साळगावकरचे गोलरक्षक, भारताचे कर्णधार. 1982-83 चा संतोष करंडक गोव्याने बंगालबरोबर विभागून घेतला आणि 1983-84 चा ब्रह्मानंद यांच्या नेतृत्वाखाली एकट्याने जिंकला. 1997 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ‘हा खेळ आपला नव्हे’ म्हणणाऱ्यांना आमच्या पिढीने हेच नाव ऐकवलं.

नंतर निवडीचं वय खाली येऊ लागलं. 1987 मध्ये जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी निघाली. आपला महेश गवळी तिथूनच तयार होऊन भारताकडून खेळला. 1999 मध्ये सेसा गोवा कंपनीने निवासी अकादमी काढली. पण 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पैशाचा झरा आटला आणि 2016 मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आता क्लबांच्या अकादम्या आणि तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालचे संघ अशी शिडी आहे. प्रत्येक पायरीवर काही मुलं गळतात.

माझ्या पुतण्याचा मुलगा तेराव्या वर्षी एका अकादमीच्या ट्रायलला गेला. शंभराहून जास्त मुलं, दोन दिवस. याला कळवलं, ‘अंगाने कमी पडतो.’ मी त्याची जन्मतारीख पाहिली. डिसेंबर! वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे त्याच गटातला जानेवारीचा मुलगा याच्यापेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे आयुष्याचा तेरावा हिस्सा. मोठ्या मुलाची निवड होते, त्याला चांगला प्रशिक्षक, चांगलं मैदान, जास्त सामने मिळतात आणि तो खरोखरच चांगला होतो. सुरुवातीच्या शिलकीवर व्याज चढत जातं, तसंच हे. जगभर हे दिसून आलंय. बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय युवा संघच ठेवले. आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, ते चोरी पकडायला. खरी तारीख लावणाऱ्या डिसेंबरच्या मुलाचं त्याने काही भलं होत नाही.

आता जमाखर्च. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असलेला खेळाडू परदेशी क्लबाला विकला गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. 12 ते 15 ची चार वर्षं तो गावच्या क्लबात असेल, तर दर वर्षाचा पाव टक्का, म्हणजे एकूण 1 टक्का. एक कोटीचा व्यवहार असेल तर एक लाख रुपये. गावच्या क्लबाला तेवढ्यात गोलपोस्ट, जाळ्या, चेंडू सगळं येईल. पण त्यासाठी मुलाची रीतसर नोंदणी हवी. आमच्या भागातल्या कित्येक क्लबांचं दप्तर म्हणजे सेक्रेटरीच्या घरातली एक पिशवी. मुलगा पुढे गेला तरी तो आपला होता हे सिद्ध कसं करणार?

म्हणून गेल्या वर्षी गावच्या क्लबाचं रजिस्टर मी मागून घेतलं. नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, हंगाम, सगळं ओळीने लिहायला सुरुवात केली. सत्तेचाळीस मुलं आहेत. आणखी एक रकाना मी घातलाय, जन्ममहिन्याचा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मुलांना सोळा पूर्ण होईपर्यंत संघातून काढायचं नाही, असा ठराव कमिटीने केलाय. पुतण्याचा मुलगाही त्यांतच आहे. पंधरावं लागलंय आणि यंदा पॅन्टी आखूड व्हायला लागल्यात म्हणे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात कंपनीच्या किंवा बँकेच्या संघातून खेळलेले काका, मामा असतील तर त्यांचं नाव, साल आणि जमल्यास संघाचा फोटो खाली टाका. बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींनी तिकडची निवड कशी व्हायची तेही लिहावं. वहीत जागा पुष्कळ आहे.