सोळा जुलैच्या आधीचे तीन दिवस

मराठीत ‘पानिपत’ हे आता केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. निवडणुकीत, परीक्षेत, नाटकाच्या पहिल्या प्रयोगात, कुठेही कोणाचेही पानिपत होऊ शकते. स्थळाचे विशेषनाम पराभवाचे सामान्यनाम होते, तेव्हा त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी त्या पराभवावर पिढ्यान्‌पिढ्या किती बोलून ठेवले असेल याचा अंदाज येतो. ब्राझीलमध्ये हे भाग्य, किंवा दुर्भाग्य, एका फुटबॉलच्या मैदानाच्या वाट्याला आले. रिओ द जानेरोतील माराकाना मैदानावर १६ जुलै १९५० रोजी उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले आणि ‘माराकानासो’ हा शब्द जन्माला आला. स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये तो किंचित उच्चारभेदाने वापरला जातो. एकीकडे अभिमानाने, दुसरीकडे दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसा.

या सामन्यावर झालेले लेखन अफाट आहे. मला मात्र कुतूहल आहे ते त्याच्या आधीच्या तीन दिवसांचे. १३ जुलैला ब्राझीलने स्पेनचा ६-१ असा फडशा पाडला, तेव्हापासून १६ जुलैच्या दुपारपर्यंत रिओतले लोक येऊ घातलेल्या सामन्याविषयी नेमके काय बोलत होते? कारण मोठ्या सामन्याआधीचा वाद हा चाहत्यांचा हक्काचा साहित्यप्रकार आहे. त्यात पूर्वपक्ष असतो, उत्तरपक्ष असतो, आकडे असतात, पूर्वजांचे दाखले असतात आणि शेवटी एखादा म्हातारा ‘बघू या’ म्हणून चहाचा शेवटचा घोट घेतो. रिओत त्या तीन दिवसांत हा वाद जवळजवळ ऐकूच आला नाही असे दिसते.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९५० च्या विश्वचषकात आजच्या अर्थाने अंतिम सामना नव्हता. ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन असे चार संघ शेवटच्या फेरीत परस्परांशी खेळणार आणि गुणांवरून विजेता ठरणार, अशी रचना होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवून चार गुण मिळवले. उरुग्वेने स्पेनशी २-२ अशी बरोबरी केली आणि स्वीडनला कसेबसे ३-२ असे नमवले; त्यांचे गुण तीन. म्हणजे अखेरच्या लढतीत ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. मैदान घरचे, तेही याच स्पर्धेसाठी ऑगस्ट १९४८ पासून बांधत आणलेले, जगातले सर्वांत मोठे. त्या दिवशी तिकीट काढून आत गेलेल्यांची अधिकृत संख्या १,७३,८५० आहे. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसे असावीत असे मानतात. रिओची लोकसंख्या तेव्हा सुमारे चोवीस लाख होती.

स्पेनविरुद्धच्या सामन्यात संपूर्ण मैदानाने रुमाल हलवत माद्रिदच्या बैलझुंजींवरचे एक कार्निव्हलचे गाणे म्हटले होते. त्या सामुदायिक गायनाच्या धुंदीतून शहर बाहेर आलेच नाही. ऑक्टोबरच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे खेळाडूंच्या मुक्कामी राजकारण्यांची रीघ लागली. ‘ओ मुंदो’ या वृत्तपत्राने सामन्यापूर्वीच संघाचे छायाचित्र छापून हेच जगज्जेते असल्याचे जाहीर केले. नगरप्रमुख मेंदेस द मोराइस यांनी तर प्रत्यक्ष मैदानावर, खेळ सुरू होण्यापूर्वी, ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधले. एकच महत्त्वाचा माणूस वेगळे बोलत होता आणि तो होता ब्राझीलचा प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्टा. उरुग्वेने आमच्या खेळाडूंची झोप नेहमीच उडवली आहे, आणि आमची मुले अजिंक्यपदाचे चिन्ह सदऱ्यावर आधीच शिवल्यासारखी मैदानात उतरतील अशी मला धास्ती वाटते, अशा आशयाचे त्याने सामन्याआधीच बोलून दाखवले होते. घरच्या कर्त्या माणसाची काळजी लग्नाच्या गडबडीत जशी कोणी मनावर घेत नाही, तसे त्याचे झाले.

आता हा वाद झाला असता तर कसा झाला असता? खात्री बाळगणाऱ्यांचा मुख्य आधार होता तो तुलनेचा. ज्या स्पेनने उरुग्वेला बरोबरीत रोखले, त्याला आम्ही सहा गोल मारले. ज्या स्वीडनने त्यांचा घाम काढला, त्याला सात. तस्मात्‌ उरुग्वेला किमान चार. जगभरच्या फुटबॉलशौकिनांचे हे लाडके तर्कशास्त्र आहे. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातला हेत्वाभास चटकन दिसेल: ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला दमवले, यांतून ‘अ’ आणि ‘क’ यांच्यातील नात्याविषयी कोणतीच व्याप्ती सिद्ध होत नाही.

शिवाय ‘अ’ आणि ‘क’ समोरासमोर आल्याचा थेट पुरावा उपलब्ध होता. तोही जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा. मे १९५० मध्ये रिओ ब्रँको चषकासाठी हे दोन संघ बारा दिवसांत तीनदा खेळले. पहिला सामना उरुग्वेने ४-३ असा जिंकला, पुढचे दोन ब्राझीलने ३-२ आणि १-० असे. तिन्ही निकाल एकेका गोलाचे. तिन्ही सामने ब्राझीलच्या भूमीवर. गोलांची बेरीज सात विरुद्ध सहा. स्वीडन आणि स्पेन यांच्याविरुद्धचे तेरा गोल बाजूला ठेवून एवढीच आकडेमोड कोणी केली असती, तरी चर्चेला तोंड फुटले असते. दुसरा मुद्दा स्वित्झर्लंडचा. याच स्पर्धेत साओ पाउलोच्या मैदानावर स्विस संघाने आटोपशीर बचाव करून ब्राझीलला २-२ असे रोखून धरले होते, म्हणजे मोकळी जागा मिळाली नाही की ब्राझीलच्या आक्रमणालाही अडवता येते हे दिसले होते. आणि तिसरा मुद्दा इतिहासाचा. उरुग्वे १९३० चा विश्वविजेता. १९३४ आणि १९३८ च्या स्पर्धांना तो गेलाच नव्हता. म्हणजे १६ जुलैच्या सकाळपर्यंत विश्वचषकातला एकही सामना या देशाने गमावलेला नव्हता.

हे पुरावे मी निकाल माहीत असताना वेचतो आहे, याची मला जाणीव आहे. ब्राझील जिंकले असते तर मे महिन्यातील ते तीन सामने कोणाच्या स्मरणात राहिले असते? ब्राझीलची बाजू वरचढ आहे हा चाहत्यांचा निष्कर्ष मला आजही चुकीचा वाटत नाही. खटकते ते इतकेच की पराभव हा एक संभाव्य निकाल म्हणून मोठ्याने उच्चारलाच गेला नाही. ज्याची शक्यता आधी बोलून झालेली असते, तो पराभव लागतो, पण समजतो. ज्याची शक्यता कोणी बोललेलीच नसते, त्याला मग अपराधी शोधावा लागतो.

येथे एक व्यक्तिगत आठवण. जुलै १९९८ मध्ये वसतिगृहाच्या दूरचित्रवाणीच्या खोलीत आम्ही चाळीसेक मुले ब्राझील-फ्रान्स अंतिम सामना पाहायला बसलो होतो. सगळे ब्राझीलचे. फ्रान्सच्या बाजूने बोलणारा एकच होता, आणि तो केवळ वाद घालायची हौस म्हणून बोलत होता. त्याला आम्ही इतके हुसकावले की तो उठून झोपायला गेला. फ्रान्स ३-० ने जिंकले. सकाळी न्याहारीला तो भेटला तेव्हा कोणी त्याच्याशी बोलेना. जणू हा पराभव त्यानेच घडवून आणला होता.

गंमत अशी की १९५० चा वाद झाला तो उरुग्वेच्या गोटात. आपल्याच काही पदाधिकाऱ्यांना मोठ्या फरकाने हार टाळली तरी पुष्कळ झाले असे वाटत होते, ही आठवण खेळाडूंनी पुढे सांगितली. प्रशिक्षक हुआन लोपेस यांचा सल्ला बचावावर भर देण्याचा होता. ते खोलीतून बाहेर गेल्यावर कर्णधार ओब्दुलियो व्हारेलाने खेळाडूंना सांगितले की गुरुजी भले माणूस आहेत, पण तसे खेळलो तर आपलीही गत स्वीडन-स्पेनसारखी होईल. व्हारेलाभोवती आख्यायिकांचे जाळे दाट आहे, त्यामुळे शब्द जसेच्या तसे घेऊ नयेत. मात्र तेथे जिंकण्या-हरण्याच्या दोन्ही शक्यता माणसांच्या तोंडी होत्या, हे निश्चित.

सामना सर्वश्रुत आहे. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. ४७ व्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलला आघाडी दिली; व्हारेलाने चेंडू काखोटीला मारून इंग्लिश पंचाशी मुद्दाम हुज्जत घातली आणि मैदानाचा आवाज ओसरू दिला. ६६ व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला घिगिया उजवीकडून आत घुसला. गोलरक्षक मोआसिर बार्बोझाला वाटले की मघासारखाच तो चेंडू मध्ये देईल, आणि घिगियाने जवळच्या खांबाच्या आतून थेट गोल मारला. ‘फिफा’चे अध्यक्ष ज्यूल रिमे बरोबरी असताना जिन्याने खाली निघाले होते. ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण त्यांच्या खिशात होते. ते मैदानावर पोहोचले तेव्हा शांतता पसरलेली होती. गर्दीत चेंगरत त्यांनी चषक कसाबसा व्हारेलाच्या हाती दिला. त्या रात्री व्हारेला रिओच्या मद्यालयांत हिंडला आणि रडणाऱ्या ब्राझीली माणसांच्या शेजारी बसून प्याला. त्यांचे दुःख पाहून आपल्यालाच वाईट वाटू लागले, असे त्याने पुढे सांगितले.

आधी न झालेला वाद मग सुरू झाला आणि पन्नास वर्षे चालला. त्याचा रोख तीन खेळाडूंवर होता: बार्बोझा, बिगोदे आणि जुव्हेनाल. तिघेही कृष्णवर्णीय. मारिओ फिल्यो या क्रीडालेखकाने ब्राझीली फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवर १९४७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाची वाढीव आवृत्ती १९६४ मध्ये काढली, तेव्हा त्याला या दोषारोपाची नोंद घ्यावी लागली. वर्णभेद फुटबॉलने जवळपास पुसला, असा काहीसा आशावादी सूर पहिल्या आवृत्तीत होता. त्याला १९५० ने छेद दिला. बार्बोझा स्वतः सांगत असे की बाजारात एका बाईने आपल्याकडे बोट दाखवून मुलाला म्हटले, साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. ब्राझीलच्या कायद्यात कमाल शिक्षा तीस वर्षांची आहे आणि मी न केलेल्या गुन्ह्यासाठी पन्नास वर्षे भोगतो आहे, असे म्हणणारा हा माणूस एप्रिल २००० मध्ये वारला.

हे वाचताना मला आपल्या बखरी आठवतात. बखर-परंपरेत पानिपताची कथा सांगताना होळकरांचा आणि सूरजमल जाटाचा सल्ला धुडकावणारे भाऊसाहेब उभे राहतात, आणि वाचकाला वाटते की निकाल आधीपासून लिहिलेलाच होता. शेजवलकरांना दोन शतकांनंतर त्या निश्चिततेशी झगडावे लागले. वर्गात ‘भाऊसाहेबांची बखर’ शिकवताना विद्यार्थी लगेच ‘शोकात्म दोष’ लिहून मोकळे होतात. माराकानाची गोष्ट सांगितली तर तीही ते ग्रीक शोकांतिकेच्या साच्यात घालतील: उन्माद आणि पतन. पण शोकांतिकेत उन्माद नायकाचा असतो आणि पतनही त्याचेच. येथे उन्माद वृत्तपत्रांचा, नगरप्रमुखांचा, दोन लाख प्रेक्षकांचा; आणि दंड भरला तो, बोलणारा कोणीच नसलेल्या एका गोलरक्षकाने.

मे १९५८ मध्ये, स्वीडनमधील विश्वचषकाला ब्राझीलचा संघ उतरण्याच्या आठवडाभर आधी, नाटककार नेल्सन रोद्रिगेस यांनी आपल्या सदरात एक निरीक्षण नोंदवले. आपले चाहते आता जिंकू असे म्हणायला धजत नाहीत, आशा असली तरी ती लपवतात, असे त्यांना दिसत होते. त्याचे मूळ त्यांनी १९५० मध्ये शोधले आणि या मनोवृत्तीला ‘रस्त्यावरच्या कुत्र्याचा गंड’ असे नाव दिले. ते नाव ब्राझीलच्या समाजचिंतनात कायमचे रुळले. आठ वर्षांत वादाची दोन्ही टोके गाठून झाली होती. त्या वर्षी ब्राझील जिंकले.

पाउलो पेर्दिगाव हा अकरा वर्षांचा मुलगा १६ जुलैला माराकानावर होता. त्याने १९८६ मध्ये या पराभवावर पुस्तक लिहिले आणि त्यात सामन्याचे आकाशवाणीवरील समालोचन उतरवून छापले. त्याच्या लेखनावरून १९८८ मध्ये ‘बार्बोझा’ हा तेरा मिनिटांच्या आसपासचा लघुपट निघाला. त्यातला नायक लहानपणी तो सामना पाहिलेला माणूस आहे. तो कालयंत्रातून १९५० मध्ये परत जातो, मैदानाच्या कडेला पोहोचतो आणि घिगिया धावत येताना गोलरक्षकाला सावध करण्यासाठी ओरडतो. ती हाक ऐकून बार्बोझाचे लक्ष क्षणभर विचलित होते आणि चेंडू आत जातो. लघुपटात खरा बार्बोझाही दिसतो, सदुसष्टाव्या वर्षीचा, कॅमेऱ्यासमोर बसून तोच गोल पुन्हा एकदा समजावून सांगताना.