धावत्या यंत्रावरचा पहारा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत व्याकरण शिकवीत असत. मला संगणकशास्त्राच्या इतिहासावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी विषय मुद्दाम असा निवडला की ज्याचे मूळ व्याकरणात सापडते. 'झाले', 'होत आहे', 'होईल', 'होत असे' या क्रियारूपांचे एका तत्त्वज्ञाने बीजगणित केले, आणि त्या बीजगणिताच्या आधारे आज विमानांच्या व अंतराळयानांच्या पोटातील संगणकांवर, ते चालू असतानाच, पहारा ठेवता येतो. हा पहारेकरी काय पाहू शकतो आणि काय कधीच पाहू शकत नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम या संगणकांविषयी थोडे. टेबलावरच्या संगणकाला आपण गणित घालतो, तो उत्तर देतो आणि काम संपते. मोटारीच्या ब्रेकमध्ये, पेसमेकरमध्ये किंवा विमानाच्या सुकाणूत दडलेल्या, म्हणजेच एम्बेडेड, संगणकाचे काम असे संपत नाही. बाहेरच्या जगाकडून येणाऱ्या इशाऱ्यांना तो अखंड प्रतिसाद देत राहतो. शिवाय त्याला वेळेचे बंधन असते. ब्रेक लावण्याचा निर्णय अचूक असला तरी तो एक सेकंद उशिरा आला, तर तो चुकलेलाच निर्णय होय. अशा प्रणालींना रिअल-टाइम प्रणाली म्हणतात.

आता तत्त्वज्ञाकडे वळू. न्यूझीलंडचे आर्थर प्रायर (१९१४-१९६९) हे मूळचे धर्मशास्त्राचे अभ्यासक. भविष्य आधीच ठरलेले असेल तर माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला काही अर्थ उरतो काय, हा त्यांना छळणारा प्रश्न होता. प्रश्न जुनाच आहे. 'उद्या सागरी युद्ध होईल' हे विधान आज खरे की खोटे, अशी चर्चा अ‍ॅरिस्टॉटलने करून ठेवली होती. जॉन फिंडले यांच्या १९४१ सालच्या एका निबंधाच्या तळटीपेत प्रायर यांना असे सुचविलेले आढळले, की क्रियापदांच्या काळांचेही एक गणित मांडता यावे. (तळटीपा वगळून पुढे जाणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.) १९५४ साली वेलिंग्टन येथील व्याख्यानात त्यांनी हे गणित मांडले. 'कधीतरी होईल', 'यापुढे सदैव होईल', 'पूर्वी कधीतरी झाले', 'आजवर सदैव होत आले' अशा चार पदांसाठी त्यांनी एकेक अक्षर योजले आणि त्यांचे परस्परसंबंध नियमांत बांधले. हेच कालतर्कशास्त्र. १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हेही नोंदविले आहे, की काळ तुटक क्षणांचा मानणारी पद्धती डिजिटल संगणकाच्या कामकाजाला लागू पडेल. पुढे काय झाले ते पाहण्यास मात्र ते हयात नव्हते.

ते पुढचे काम इस्रायलचे आमीर प्नुएली (१९४१-२००९) यांनी केले. तोवर प्रोग्रॅमच्या अचूकतेची सिद्धता म्हणजे 'सुरुवातीला हे खरे असेल तर शेवटी ते खरे होईल' एवढीच असे. ज्या प्रोग्रॅमला शेवटच नाही त्याचे काय करायचे? १९७७ साली प्नुएलींनी आपल्या शोधनिबंधात प्रायर यांची पदे उचलून प्रोग्रॅमला लावली. 'दोन्ही सिग्नल एकदम हिरवे कधीही होणार नाहीत' आणि 'थांबलेल्या गाडीला कधीतरी हिरवा दिवा मिळेल' ही दोन्ही वाक्ये आता गणिताच्या भाषेत लिहिता येऊ लागली. त्याच वर्षी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या दोन प्रकारांना वेगवेगळी नावे दिली. वाईट ते घडणार नाही, ही सुरक्षितता. चांगले ते केव्हातरी घडेल, ही सजीवता. हा भेद आपल्याला पुढे लागणार आहे.

प्रोग्रॅमच्या सर्व संभाव्य अवस्था यंत्राकरवी धुंडाळून असे वाक्य तपासण्याची युक्ती १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत क्लार्क व इमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये सिफाकिस व केय यांनी शोधली. तिचे वैभव मोठे आहे, पण तिची अडचणही मोठी. दहा अवस्थांचे दहा भाग एकत्र चालू लागले, की संभाव्य अवस्थांची संख्या एकावर दहा शून्ये इतकी होऊ शकते. म्हणून प्रत्यक्षात प्रोग्रॅमचे संक्षिप्त चित्र काढून ते तपासावे लागते, आणि चित्रातून जे सुटले ते तपासणीतूनही सुटते.

या सुटण्याची किंमत काय असते, ते दोन अंतराळयानांनी दाखविले.

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला. कारण समजण्यास आपल्या शाळेतलाच दाखला घेऊ. कपाटाची किल्ली शिपायाजवळ आहे. मुख्याध्यापक कपाटापाशी खोळंबले आहेत. शिपाई किल्ली घेऊन निघाला, पण वाटेत हेडक्लार्कांनी त्याला थांबवून ठेवले. हेडक्लार्क मुख्याध्यापकांहून कनिष्ठ, तरी परिणामी मुख्याध्यापकच त्यांच्यासाठी ताटकळले. यानात हवामानाची नोंद घेणारे काम शिपायाच्या जागी होते, माहितीची वाहिनी सांभाळणारे काम मुख्याध्यापकांच्या, आणि संदेशवहनाचे हेडक्लार्कांच्या. वाहिनीचे चक्र सेकंदाला आठ वेळा फिरे. एक फेरी संपण्यापूर्वी तिचे काम उरकले नाही असे दिसताच यानातील रखवाली यंत्रणा संगणक नव्याने सुरू करी आणि त्या दिवसाची उरलेली कामे पुढे ढकलली जात. पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रणेवर अभियंत्यांनी हा प्रसंग पुन्हा घडवून आणला, आणि उपाय मंगळावर धाडला. मुख्याध्यापक ज्याच्यासाठी खोळंबले आहेत त्या शिपायाला तेवढ्यापुरता मुख्याध्यापकांचा मान द्यावा, असा तो उपाय. लुई शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी १९९० सालीच तो शास्त्रशुद्ध मांडला होता. यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोयही होती, फक्त ती बंद ठेवलेली होती.

ती रखवाली यंत्रणा म्हणजे धावत्या प्रणालीवरचा एक ओबडधोबड पहारेकरीच होता. त्याला एकच वाक्य ठाऊक होते : 'दर फेरीचे काम ठरल्या वेळेत संपलेच पाहिजे.' त्या एका वाक्याने दोष लपू दिला नाही.

दुसरी कथा मला अधिक बोधक वाटते. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुटलेल्या डीप स्पेस वन यानावर 'रिमोट एजंट' नावाचा, यानाचे नियोजन स्वतः करणारा प्रोग्रॅम होता. १९९७ सालीच नासाच्या एम्स केंद्रातील क्लाउस हॅवेलुंड व सहकाऱ्यांनी त्याच्या एका भागाचे चित्र काढून, सर्व अवस्था धुंडाळून पाच दोष शोधले होते. ते दुरुस्तही झाले. मे १९९९ मध्ये यानाचा ताबा या प्रोग्रॅमकडे देण्यात आला. दुसऱ्याच दिवशी, १८ मे रोजी, इंजिन बंद करण्याची आज्ञा जायला हवी होती ती गेली नाही. प्रोग्रॅम जागच्या जागी अडकला होता. शोध घेता आढळले, की पूर्वी सापडलेल्या पाचांपैकी एका दोषाचाच हा सख्खा भाऊ, न तपासलेल्या दुसऱ्या भागात दडून बसलेला. काही बदल झाला आहे का ते पाहावे, झाला नसेल तर झोपावे आणि बदल होताच घंटा वाजवून उठविले जावे, अशी तेथे व्यवस्था होती. पाहणे आणि झोपणे यांच्या मधल्या क्षणीच बदल घडला. घंटा वाजली ती झोपण्यापूर्वी. नंतर ती पुन्हा वाजणार नव्हती. जमिनीवरच्या असंख्य चाचण्यांत हा क्षण एकदाही आला नव्हता.

यातून काही संशोधकांनी असा धडा घेतला, की संपूर्ण सिद्धता आणि तुरळक चाचण्या यांच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. कालतर्कशास्त्राचे वाक्य घ्यावे, त्यापासून एक लहानसा पहारेकरी आपोआप घडवावा आणि त्याने चालत्या प्रणालीची एकच एक, प्रत्यक्ष घडणारी वाटचाल पाहत राहावे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात इनसुप ली, कन्नन, सोकोल्स्की आदींनी १९९९ मध्ये अशी प्रणाली बांधली. हॅवेलुंड आणि ग्रिगोरे रोशू यांनी दुसरी बांधली आणि २००१ च्या जुलैत पॅरिसला या विषयाची पहिली कार्यशाळा भरविली. 'रनटाइम व्हेरिफिकेशन' हे नाव तेथून रूढ झाले.

पहारेकऱ्याची अडचण अशी, की त्याला फक्त आजवरचे दिसते. सर्व संभाव्य भविष्ये पाहणाऱ्या पद्धतीला 'कधीतरी' या शब्दाची भीती नव्हती. पहारेकऱ्याला ती आहे. 'दोन्ही सिग्नल एकदम हिरवे कधीही होणार नाहीत' हे वाक्य मोडले तर तो त्याच क्षणी ओरडू शकतो. पण 'प्रत्येक थांबलेल्या गाडीला कधीतरी हिरवा दिवा मिळेल' या वाक्याविषयी त्याने काय म्हणावे? गाडी तासभर थांबली, दिवसभर थांबली, तरी 'कधीतरी' शिल्लकच आहे. आणि आजवर प्रत्येक गाडीला दिवा मिळाला असला, तरी पुढच्या गाडीचे काय? हे वाक्य तो खरेही ठरवू शकत नाही आणि खोटेही. म्हणून म्युनिकमधील बाउअर, लॉइकर व शालहार्ट यांनी २००६ मध्ये पहारेकऱ्याला तिसरे उत्तर दिले : 'अद्याप सांगता येत नाही.' त्याच वर्षी प्नुएली यांनी झाक्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधात कोणती वाक्ये पहाऱ्याला योग्य आणि कोणती अयोग्य याची व्याख्या केली. ज्यांनी 'कधीतरी' प्रोग्रॅमच्या शास्त्रात आणले, त्यांनीच त्याची मर्यादाही आखली, हे मला फार समाधानाचे वाटते.

'कधीतरी' ऐवजी 'नव्वद सेकंदांच्या आत' म्हटले, की चित्र पालटते. एक्क्याण्णवाव्या सेकंदाला पहारेकरी निकाल देऊ शकतो. वेळेची मर्यादा असलेली अशी पदे रॉन कोयमान्स यांनी १९९० मध्ये पद्धतशीर मांडली. रिअल-टाइम प्रणालीला जे बंधन ओझे म्हणून येते, तेच पहारेकऱ्याला डोळे देते. मुदत नसलेले आश्वासन तपासता येत नाही, ही गोष्ट आपण सार्वजनिक जीवनातही अनुभवतोच, असो.

भूतकाळाची गोष्ट याहून सोपी. हॅवेलुंड व रोशू यांनी २००२ मध्ये दाखविले, की वाक्य भूतकाळाच्या पदांत लिहिले तर पहारेकऱ्याला सारा इतिहास साठवावा लागत नाही. प्रत्येक पोटवाक्याचे मागच्या क्षणीचे खरेखोटेपण तेवढे लक्षात ठेवले की पुरते. 'दार उघडे असेल तर त्यापूर्वी लिफ्ट थांबलेली असली पाहिजे' अशा वाक्याला दोन-चार बिटांची स्मृती पुरेशी होते. एम्बेडेड संगणकाची स्मृती तुटपुंजी असते, हे लक्षात घेतले म्हणजे व्याकरणातील काळाच्या निवडीला अभियांत्रिकीत केवढे मोल आले ते ध्यानात येईल.

हा विचार आपल्यापासून दूर नव्हता. झोउ चाओचेन, होअर व राव्न यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या कालावधि-गणितात गॅस-शेगडीचा प्रसिद्ध दाखला आहे : कमीत कमी एक मिनिटाच्या कोणत्याही कालखंडात एकूण गळती त्या खंडाच्या विसाव्या हिस्स्याहून अधिक असू नये. या गणितातील वाक्ये यंत्राकरवी तपासणारे 'डीसीव्हॅलिड' हे साधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी घडविले. रिअल-टाइम व दोषसह प्रणालींच्या शास्त्रावरील आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर २००० मध्ये पुण्यास भरली होती, तिच्या निबंधसंग्रहाचे संपादन मथाई जोसेफ यांनी केले.

पहारेकऱ्याचा स्वतःचाही एक उपद्रव असतो. तो त्याच संगणकावर चालला तर वेळ खातो, आणि ज्या प्रणालीत वेळ हेच सर्वस्व आहे तेथे पहाऱ्यानेच मुदत चुकावी असा प्रसंग ओढवतो. म्हणून २०१० च्या सुमारास नासासाठी लिहिलेल्या 'कोपायलट' या भाषेतील पहारेकरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या स्मृतीत, ठरलेलेच काम करतात. तर क्रिस्टीन रोझियर, शुमान व राइनबाखर यांनी २०१४ मध्ये पहारेकरी वेगळ्या चिपवरच नेऊन बसविला.

आणि निकाल लागल्यावर पुढे काय? पाथफाइंडरच्या रखवालदाराला संगणक नव्याने सुरू करणे एवढेच येत होते. मंगळावर उभ्या असलेल्या यानाला ते चालले. उडत्या विमानाला चालणार नाही. अग्रक्रमाचा उपाय मांडणाऱ्या त्याच लुई शा यांनी २००१ मध्ये दुसरी रचना पुढे केली. गुंतागुंतीचा, हुशार नियंत्रक काम करीत राहावा. शेजारी एक साधा, पूर्णपणे सिद्ध केलेला नियंत्रक सज्ज असावा. आणि हुशाराचा तोल जातो आहे असे पहारेकऱ्याला दिसताच सूत्रे साध्याच्या हाती यावीत. वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांतील गुंतागुंतीच्या प्रोग्रॅमांना असेच कुंपण घालण्याची रीत २०१७ साली अमेरिकेतील एएसटीएम या प्रमाणक संस्थेने प्रसिद्ध केली. स्वतः शिकणाऱ्या, आणि म्हणून आधी सिद्ध न करता येणाऱ्या, प्रोग्रॅमांकडे विमानाचे सुकाणू द्यावे की नाही, हा वाद आज याच कुंपणाशी चालू आहे.