ओनोरे दोमिए : सत्तेला झोंबलेले चित्र

सत्तेला शब्दापेक्षा चित्राचे भय अधिक का वाटावे? फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) याचे चरित्र याचे उत्तर देते. १८३१ साली त्याने राजा लुई फिलिप यास गरिबांच्या नाण्यांच्या टोपल्या गिळणारा अजस्र राक्षस म्हणून रेखाटले. त्यापायी त्यास सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरात सैनिकांनी रहिवाशांची कत्तल केली. त्या चित्रात विनोदाचा लवलेशही नाही : पलंगाशी पडलेला मृत पुरुष आणि त्याच्या देहाखाली मूल. सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. पुढच्याच वर्षी कायदा झाला : लेखास पूर्वसंमती नको, चित्रास मात्र हवी! निरक्षरासही जे वाचता येते, तेच सत्तेला झोंबते.