भंडारदऱ्याची उलटी धाव

पहाटेचे पाच. आषाढातला पाऊस शेंडी गावावर तिरपा कोसळतोय. छातीवर बिब, कपाळावर हेडलॅम्प. तलावाकाठी दरवर्षी होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तुम्ही उतरला आहात. शिटी वाजते आणि मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडीच्या दिशेने पावलं सुटतात. उजव्या हाताला काळंभोर पाणी.

पहिला चढ संपतो तसा पाऊस थांबतो. हवा डिसेंबरची, कोरडी गार. साल १९२६. मागे वळून बघा: २७० फूट उंचीची दगडी भिंत नवीकोरी उभी आहे. तिच्या उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन आलेत. धरणाला नाव त्यांचंच. १९१० पासून इथे दगड घडवणाऱ्या हातांची नावं मात्र कुणी कोरलेली नाहीत. हे पाणी कालव्यांनी खाली राहुरी-श्रीरामपूरच्या रानात जाईल, तिथे ऊस उभा राहील, आणि पुढे त्याच प्रवरेच्या पट्ट्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना निघेल.

धावत राहा. आता उजवीकडे तलावच नाही. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, तळाशी खळाळणारी प्रवरा. आवणी चालू आहे. बाया गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावतायत, डोक्यावर पानांचं इरलं. तुम्ही बांधावरून तोल सावरत जाता. एक म्हातारी कंबर सरळ करून विचारते,

"का रं पळतोस, बाबा? कोण मागं लागलंय?"

उत्तर सुचायच्या आत अंधारतं. साल १८४५. कारवीच्या जाळीतून अनवाणी पावलांचा आवाज येतो. ही राघोजी भांगऱ्यांची माणसं. सावकारीने नागवलेल्या महादेव कोळ्यांचं बंड पेटलंय आणि कंपनी सरकारची फौज मागावर आहे. यांच्या कमरेला पाण्याची बाटली नाही, पुढे कुठला हायड्रेशन पॉइंट नाही. कुठल्या घळीत ओढा आटत नाही, कुठल्या कड्याला उतरायला खाच आहे, हे पायांना ठाऊक. याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देतील. म्हातारीचा प्रश्न तुम्हाला आता नीट कळतो. या डोंगरात पळणं म्हणजे जीव वाचवणं होतं.

रतनवाडी. अमृतेश्वराच्या काळ्या पाषाणावर टाकीचे घाव अजून ताजे आहेत. शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं हे देऊळ तुमच्यासमोर घडतंय. शेजारच्या पुष्करणीत तोंड धुता, मान वर करता, तर ढगात रतनगड. प्रवरा तिथूनच उतरते.

"केळं घ्या, दादा. मीठ लावू का?" गावातला पोरगा ताट पुढे करतो. घड्याळ पुन्हा आजचं आहे. कट-ऑफला अजून वेळ आहे.

परतीला पाणी डावीकडे येतं आणि आता त्याच्याखाली काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. खाचरं बुडाली, माणसं वर सरकली, आणि वरच्या वाड्यांच्या वाट्याला आलं ते 'धरण उशाला, कोरड घशाला'. उन्हाळ्यात हंडे घेऊन चढउतार करणाऱ्या बायांचा पल्ला कुणी मोजत नाही.

म्हणून इथे जरूर धावा, पण पाहुण्यासारखे धावा. एनर्जी जेलचं रिकामं पाकीट खिशात ठेवा. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मुक्काम गावातल्या घरात करा, नागलीची भाकरी तिथेच विकत घेऊन खा. आयोजकांना विचारा, वाट दाखवणाऱ्या पोरांना मेहनताना किती मिळतो? आणि शर्यतीच्या पैशातला काही वाटा वरच्या वाड्यांच्या पाण्यासाठी जातो का? होकार मिळेपर्यंत दरवर्षी विचारत राहा.