परकायाप्रवेश : मराठी कादंबरीची एक कसोटी

मंडनमिश्रांच्या पत्नीने विचारलेल्या संसारविषयक प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आद्य शंकराचार्यांनी एका राजाच्या मृत देहात प्रवेश केला, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. नुसत्या विद्वत्तेने दुसऱ्याचा अनुभव कळत नाही, हा तिचा आशय. आपल्याहून भिन्न अशा माणसाचे चित्र रेखाटणाऱ्या कादंबरीकारालाही हीच सिद्धी मिळवावी लागते. मराठी कादंबरीचा प्रारंभच मुळी अशा प्रयत्नातून झाला आहे.

१८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष लोटले होते. पुरुष लेखक, त्यातही ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, हिंदू विधवांची दुःखे सांगू लागला, हे त्या काळी धाडसच होते. बाबांची कळकळ निःसंशय खरी होती. तथापि यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवा या बहुतांशी एका सिद्धान्ताची उदाहरणे ठरतात. त्यांच्या तोंडून सुधारक बोलतो. वाचकाला त्यांची दया येते, पण त्यांची ओळख पटत नाही.

ही उणीव भरून काढली ती हरिभाऊ आपटे यांनी. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. या तरुणाने यमूची कहाणी यमूच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून सांगितली. यमू सुधारणेवर व्याख्यान देत नाही. माहेरचे लाड, सासरचे धाक, मैत्रीण दुर्गीची फरफट, नवऱ्याकडून चोरून शिकलेली अक्षरे, असे घरातले बारीकसारीक ती सांगत जाते. म्हणूनच शेवटी तिच्यावर सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग ओढवतो, तेव्हा वाचकाला आपल्याच घरातल्या मुलीवर घाला पडल्यासारखे वाटते. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी हरिभाऊंचा स्नेह होता, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

हे चित्र कितपत खरे होते? त्याची साक्ष पुढे स्त्रियांनीच दिली. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, त्यांच्या शिक्षणाला घरातील बायकांकडून झालेला विरोध वाचताना यमूचे सासर आठवल्यावाचून राहत नाही. कल्पनेने जे आधी गाठले, त्यावर अनुभवाने नंतर शिक्कामोर्तब केले.

विसाव्या शतकात ही वाट आणखी विस्तारली. मालतीबाई बेडेकर यांनी सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले. त्या निकट परिचयातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी साकारली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) निराळी युक्ती योजली. धनगरांच्या वाडीत आलेला तरुण शिक्षकच तेथे निवेदक आहे. आपण परके आहोत, हे तो लपवीत नाही; त्याला जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो. या संयमातून वाडीची माणसे जिवंत होतात.

मात्र या प्रवासाला एक मर्यादाही आहे. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले, ते स्वतः लिहू लागले, तेव्हा जुनी चित्रे नव्याने पारखली जाऊ लागली. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) या पुस्तकांनी मध्यमवर्गीय वाचकाला खडबडून जागे केले. दया म्हणजे समज नव्हे, हा त्यांचा धडा. परकायाप्रवेशाचा हक्क त्यामुळे रद्द झाला नाही. त्याची जबाबदारी मात्र वाढली. परक्याविषयी लिहिणाऱ्याने आधी त्याचे ऐकले पाहिजे, हे आता टाळता येत नाही.

ग्रंथालयाच्या कपाटात यमू आणि ‘बलुतं’मधला दगडू शेजारी शेजारी उभे असतात. दोघांनाही एकाच आठवड्यात घरी नेणारा वाचक हाच परकायाप्रवेश आपल्यापुरता करीत असतो. शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या संस्थेचे याहून मोठे संचित कोणते?