नागासाकी : बॉम्बच्या आधीचे शहर

दुसरे महायुद्ध शिकवताना मी दरवर्षी वर्गाला एक प्रश्न विचारतो. हिरोशिमा आणि नागासाकी ही नावे तुम्हाला पाठ आहेत, पण नागासाकीबद्दल आणखी काय माहीत आहे? वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ते हिरोशिमाच्या नंतरचे." मुले हसली. मला मात्र त्याचे उत्तर प्रामाणिक वाटले. आपल्या लेखी हे शहर ९ ऑगस्ट १९४५ रोजी जन्मले आणि त्याच दिवशी संपले.

त्या तारखेच्या मागे पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचला की बॉम्ब नेमका कोणावर पडला हे कळते. म्हणून हा लेख.

आधी नकाशा पाहू. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी क्युशू हे दक्षिण-पश्चिमेकडचे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची एक अरुंद, लांब पट्टी जमिनीत घुसली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. वादळात जहाजांना आसरा मिळावा अशी ही नैसर्गिक जागा. नागासाकी म्हणजे 'लांब भूशिर'. सपाट जमीन थोडी, म्हणून घरे डोंगरउतारावर चढलेली आणि गल्ल्या पायऱ्यांच्या. आज इथे सुमारे चार लाख लोक राहतात. इथून टोकियोपेक्षा चीनचे शांघाय जवळ आहे. शहर दोन नद्यांच्या खोऱ्यांत विभागले आहे. नाकाशिमा नदीच्या खोऱ्यात जुने शहर, उत्तरेकडे उराकामी नदीचे खोरे आणि दोहोंच्या मध्ये कोंपिरा डोंगर. हा डोंगर लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून मलाक्कामार्गे क्युशूच्या कागोशिमा गावी उतरला आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचला. मागोमाग पोर्तुगीज व्यापारी चांगले बंदर शोधत होते. ओमुरा सुमितादा नावाच्या स्थानिक सरदाराने १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्याने १५७० मध्ये नागासाकी त्यांना मोकळे करून दिले. पुढच्या वर्षी पहिले जहाज आले आणि मच्छीमारांच्या वस्तीचे बघता बघता शहर झाले. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा जहाजांचा रस्ता पडला. जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. सुमितादाने केवळ स्वतःचा धर्म बदलला नाही. त्याच्या मुलखात बौद्ध विहार आणि शिंतो देवळे पाडली गेली आणि रयतेला सक्तीने ख्रिस्ती केले गेले. १५८० मध्ये त्याने नागासाकी जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यातच देऊन टाकले. पुढे ख्रिश्चनांवर जे आले ते वाचताना हे पानही वाचले पाहिजे. सत्तेच्या जोरावर धर्म लादणाऱ्यांचे नुकसान त्यांच्या नातवंडा-पतवंडांना सोसावे लागते आणि त्या मुलांचा त्यात काहीच दोष नसतो.

जपान एका छत्राखाली आणणाऱ्या हिदेयोशीला परकीय पाद्र्यांची भीती वाटू लागली. त्याने १५८७ मध्ये पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि नागासाकी आपल्या ताब्यात घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी बंदराजवळच्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिश्चनांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्याआधी त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना क्योतोहून थेट नागासाकीपर्यंत हिवाळ्यात चालवत आणले होते. त्यांत बहुतेक जपानी होते, काही अगदी लहान मुले होती. आणि त्यांत एक होता आपल्या वसईचा. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईची. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात गेला. जपानी उत्तम येत असल्यामुळे हिदेयोशीसमोर त्याने दुभाष्याचे काम केले होते. १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळाले. वसईत आज त्याच्या नावाचे चर्च आणि कॉलेज आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना नागासाकी आठवत असेल?

१६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६३७-३८ मध्ये जवळच्या शिमाबारात शेतकऱ्यांनी उठाव केला, त्यांत पुष्कळ ख्रिस्ती होते. तो रक्तात बुडवला गेला. पोर्तुगीजांना हाकलले. १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवले गेले. युरोपशी व्यापाराचे दोनशे वर्षे एवढेच दार उघडे राहिले. चिनी जहाजेही याच बंदरात येत. उर्दू शिकवणारा म्हणून मला इथली एक नोंद फार आवडते. नागासाकीच्या दुभाष्यांमध्ये 'मोउरु' भाषेचेही दुभाषे नेमलेले होते. मोउरु म्हणजे मोगल आणि भाषा म्हणजे आपली फारसी. आपल्या दफ्तरांत आणि बोलीत मुरलेली ही भाषा जपानच्या त्या कोपऱ्यातही कोणीतरी घोकत होते.

दार एवढेसे, पण त्याच्या आत तपासणी कडक. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. नागासाकीत दर नव्या वर्षी येशू किंवा मरियमची प्रतिमा जमिनीवर ठेवली जाई आणि एकेकाला तिच्यावर पाय ठेवायला सांगत. ठेवला तर सुटका. नाही ठेवला तर तुरुंग, छळ, मरण.

उराकामीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पाय ठेवला. घरी येऊन त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. पाद्री उरला नव्हता, चर्च उरले नव्हते, छापील पुस्तकही जवळ बाळगता येत नव्हते. मग त्यांनी आपापसांत कामे वाटून घेतली. एकाने सणावारांचे पंचांग सांभाळायचे, एकाने बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. बौद्ध देवता कान्नोनच्या मूर्तीत ते मरियमला पाहत. लॅटिन प्रार्थना तोंडातोंडी पुढे जात राहिल्या. उच्चार झिजले, बऱ्याच शब्दांचा अर्थही हरवला, पण ओठ थांबले नाहीत. माझ्या नानीला अरबीचे एक अक्षर लिहिता येत नव्हते, तरी तिने आम्हा नातवंडांना सूरे पाठ करून घेतले. हे वाचताना ती आठवली. सात पिढ्यांनी पाद्री परत येतील, अशी एक भविष्यवाणीही या लोकांत चालत आली होती.

अमेरिकेच्या दबावाने जपानने दारे उघडली. परदेशी लोकांसाठी नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच पाद्र्यांनी चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे पंधरा-एक लोक ते बघायला म्हणून आले. त्यांतल्या एका बाईने पाद्री पेतिजाँजवळ जाऊन हळूच सांगितले की आमचे मन तुमच्यासारखेच आहे, आणि मरियमची मूर्ती कुठे आहे ते विचारले. अडीचशे वर्षांनी तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला.

बक्षीस काय मिळाले? बंदी अजून उठलेली नव्हती. १८६७ मध्ये धरपकड सुरू झाली. पुढे नव्या मेइजी सरकारने उराकामीचे सुमारे ३,४०० लोक देशभर विखरून हद्दपार केले. त्यांतले सहाशेहून अधिक परत आले नाहीत. परदेशांतून टीका झाल्यावर १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. परतलेल्या लोकांनी गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. ज्या अंगणात त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, तीच ही जागा. तिथे त्यांनी भव्य चर्च बांधायला घेतले. ते १९१४ मध्ये उभे राहिले.

मधल्या काळात नागासाकी जहाजबांधणीचे आणि मग शस्त्रांचे शहर झाले होते. उराकामीच्या खोऱ्यात मित्सुबिशीचे पोलाद आणि टॉर्पेडोचे कारखाने होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. तिथे खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. इथेही ढग होते. ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर उत्तरेला, ११ वाजून २ मिनिटांनी, उराकामीवर सुमारे ५०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला. चर्च तिथून अर्ध्या किलोमीटरवर होते. १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाआधी लोक पापनिवेदनासाठी आत थांबले होते. त्यांतले कोणी वाचले नाही. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे ७४,००० माणसे मेली, त्यांत मजुरीला आणलेले कोरियनही होते. उराकामीच्या १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० गेले. कोंपिरा डोंगर मध्ये आला म्हणून पलीकडचे जुने शहर बऱ्याच अंशी वाचले. बॉम्ब नागासाकीवर नव्हे, उराकामीवर पडला, असे शहरातले काही लोक पुढे म्हणत. काहींनी त्यात दैवी शिक्षाही पाहिली. ज्यांना आपल्याच राज्यकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छळले, त्यांना शत्रूचा बॉम्ब लागला, आणि वर शेजाऱ्यांचे बोलणेही ऐकावे लागले.

चर्च १९५९ मध्ये पुन्हा बांधले गेले. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली होती. दुसरीची जागा रिकामीच राहिली. ऐंशी वर्षांनी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आता हा धडा शिकवताना मी फळ्यावर आधी दोन नद्या आणि मधला डोंगर काढतो. मग अलीकडे कोण राहत होते आणि पलीकडे कोण, ते सांगतो. बॉम्बची तारीख सगळ्यात शेवटी लिहितो.